शुभांगीची न जाणारी टर्म

हे मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलं नाही. आता ती नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय — जमेल तसं.

मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होतो. गुरुत्वाकर्षणाला क्वांटमचे नियम लावले की उत्तरं अनंत येतात. इतर बलांमध्येही येतात, पण तिथे मोजक्या दोन-चार राशी प्रयोगातून घेतल्या की सगळे अनंत त्यांत मुरतात. त्याला रीनॉर्मलायझेशन म्हणतात. गुरुत्वाकर्षणात ते होत नाही — दर पायरीला नवा अनंत. मी एक सिद्धांत मांडला होता. त्यात दुसऱ्या पायरीवरचे अनंत एकमेकांना खोडतात, असा माझा दावा होता. त्या पेपरनं माझं नाव झालं.

शुभांगी माझी पीएचडीची विद्यार्थिनी. डिलाईल रोडच्या चाळीत राहायची, वडील गिरणीत होते. तेच गणित दुसऱ्या पद्धतीनं करायला मी तिला दिलं. वर्षभरानं ती वही घेऊन आली.

“सर, एक टर्म उरतेय. जातच नाहीये.” म्हणजे समीकरणातलं एक अनंत पद खोडलं जात नव्हतं; ते खरं असेल तर माझा दावाच पडत होता.

“तुझीच चूक असणार. शोध.”

आठ महिने ती शोधत होती. वाळली पार. शेवटी वही माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, “सर, मला दिसत नाही. तुम्हीच बघा.”

मी वही गिरगावात घरी आणली. रविवारी जेवण करून बसलो आणि चहाच्या वेळेपर्यंत चूक सापडली. माझी. आमची गणितं आकृत्या काढून मांडतात; त्यातल्या एका आकृतीत दोनाचा गुणक मी गाळला होता. तिची टर्म खरी होती. चहा देताना बायकोनं विचारलं, “चेहरा असा का?” मी म्हटलं, “काही नाही गं.”

माझ्या बढतीची फाईल तेव्हा समितीपुढे होती. पण नसती, तर मी खरं बोललो असतो? — छातीठोकपणे नाही सांगता येत.

सोमवारी वही परत दिली. नुसता गप्प बसलो असतो तरी... पण मी बोललो. “शुभांगी, हे काम सगळ्यांना जमतंच असं नाही. तू सोड हे.”

तिनं वाद घातला नाही. “बरं, सर,” म्हणाली. माझ्या पाया पडली. पुढच्या आठवड्यात तिनं पीएचडी सोडली.

तीन वर्षांनी परदेशातल्या एका गटानं तीच टर्म शोधून काढली. मी दुरुस्ती छापली, त्यांचे आभार मानले. तेव्हा तरी तिचं नाव लिहायला काय हरकत होती? नाही लिहिलं.

गेल्या वर्षी ती दादरला भेटली, भाजी घेताना. परळला दहावीचे क्लास घेते. सोबत शाळकरी मुलगी होती.

“नमस्कार कर गं, हे माझे सर,” शुभांगी तिला म्हणाली. “आठ महिने मला माझी चूक सापडत नव्हती. सरांनी वेळीच सांगितलं म्हणून, नाहीतर अजून तिथेच बसले असते.” मग माझ्याकडे बघून हसली. “क्लासमध्ये पण हेच सांगते, सर. आपल्या उत्तरावर फार विश्वास ठेवायचा नाही.”

मुलगी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“आईचं ऐकत जा,” मी म्हणालो.