कावळ्याला दिलेला शब्द

निपाणीच्या स्टँडवर बेळगावची बस लागायची होती, तेवढ्यात शैलाच्या मोठ्या दिरांचा फोन आला. “मालताक्का, शैला गेली. सकाळी चहा ठेवता ठेवता पडली... दवाखान्यात न्यायला पण सवड दिली न्हाय.” मी विचारलं, “कुठली शैला?” माणूस अशा वेळी काहीही बोलतं. मला ठाऊक असलेली शैला एकच. कॉलेजात आम्ही दोघी बास्केटबॉलच्या एकाच संघात होतो. मी नोकरीला लागले आणि तो खेळ विसरून गेले. शैला मात्र पन्नाशीला आल्यावर तोच खेळ कोरियातल्या लोकांना, त्यांच्याच भाषेत, समजावून सांगत होती. मोबाइलवर तिचं स्वतःचं व्हिडिओ चॅनेल होतं. बेळगावच्या शहापुरातल्या साडीच्या दुकानदाराची बायको, जवळच्याच बेळगुंदी गावच्या शेतकऱ्याची लेक... सांगितलं तर लोक हसायचे. हसले तर हसले.

लग्नानंतर तिचा खेळ सुटलाच होता. पुढं कोरियन मालिकांचं वेड लागलं, त्यातून भाषा लागली, मग मोबाइलवरच शिकवण्या बघून ती भाषा चिकाटीनं पक्की केली. एके दिवशी तिकडच्या बास्केटबॉलचा सामना बघितला आणि तडक माझ्याकडं आली. “मालू, बास्केट टाकणारा सगळ्यांना दिसतोय गं. त्याच्यासाठी आडवं उभं राहून, छातीवर धक्का खाऊन वाट मोकळी करणारा कुणाला दिसत न्हाय बघ. मी तेच खेळत होतो की!” तेवढ्यावरच तिनं चॅनेल काढलं. धक्के खाणाऱ्या, बाकावर बसवलेल्या खेळाडूंबद्दल ती बोलायची. आधी तिकडच्या लोकांनी तिच्या उच्चारांची यथेच्छ टिंगल केली. मग वाद घालायला लागले, मग वाट बघायला लागले, आणि शेवटी तिला इमो म्हणायला लागले. इमो म्हणजे मावशी. एकदा भर बाजारात माझा हात धरून म्हणाली, “काल एका पोरीनं विचारलं, मावशी, आमच्या कॅप्टनला बाहेर का बसवलं? मला विचारलं गं! घरात मला भाजीत मीठ घातलंस काय, एवढंच विचारतात.”

पिकतं तिथं विकत नाही, हे खरंच. आमच्या बेळगावात माणसाला आधी विचारतात, तू कुठल्या भाषेचा? एका हळदीकुंकवात एक बाई फणकारल्या, “एवढं येतंय तर मराठीत का करत न्हाईस? मराठीची लाज वाटतीय काय?” शेजारच्या कानडी काकूंनी कानडीचा आग्रह धरला, तोही रुसूनच. शैला दोघींनाही लाडू देऊन मोकळी झाली. मला म्हणाली, “तिथं मला कुणी विचारत न्हाय, तू कुणाकडची. एवढंच विचारतात, बॉल का सुटला.” घरात त्या सगळ्याला ‘शैलाचं चिंगमिंग’ म्हणत. तिचे यजमान, आमचे दाजी, वाईट माणूस नव्हेत. पण एक व्हिडिओ बघितला असेल तर शपथ! “मला काय कळतंय त्यातलं?” संपला विषय. एकदा ती हसत हसत बोलून गेली, “दुकानावर सासऱ्यांचं नाव, घरावर दिरांचं. माझ्या मागं माझं म्हणून ऱ्हाणार, ते हे चॅनेल. तेवढं ऱ्हाऊ दे म्हंजे झालं.”

तेवढंच राहिलं नाही.

दहाव्याला कावळा शिवेना. पिंडाभोवती आम्ही सगळे दाटीवाटीनं उभे, ऊन चढलेलं. लेकीच्या लग्नाचा शब्द देऊन झाला, सासूला सांभाळायचा देऊन झाला. कावळे झाडावर बसून बघताहेत, खाली येत नाहीत. तेव्हा थोरले दीर हात जोडून म्हणाले, “शैला, तुझा जीव त्या चॅनेलात अडकलाय व्हय? ते आम्ही बंद करतो. मोकळी हो बाई.” मी मागून ओरडले, “अहो, उलटं म्हणा! चालू ठेवतो म्हणा!” पण उन्हानं हैराण झालेली माणसं तेवढ्यात सावलीला सरकली होती. जागा मोकळी झाली, कावळा उतरला, भाताला चोच लावून गेला. झालं! बायका रडल्या, पुरुषांनी नमस्कार केले. मी दाजींना गाठून विनवलं. ते म्हणाले, “कावळा शिवलाय, मालताक्का. शब्द मोडला तर तिला गती मिळायची न्हाय.” तिच्या फोनला कधी कुलूप नव्हतं. घरी आल्या आल्या दाजींनी स्वतःच्या हातानं चॅनेल पुसून टाकलं. फार प्रेमानं पुसलं हो! दुष्टपणानं केलं असतं तर मला निदान नीट भांडता तरी आलं असतं.

मग शोकसभा. ‘बेळगावचं नाव सातासमुद्रापार नेणारी भगिनी’ म्हणे. फलकावर मराठी वर की कानडी वर, ह्यावर अर्धा तास बाचाबाची. पडदा लावला होता, त्यावर दाखवायला मात्र काही नव्हतं. आणि तिकडं कोरियात, मावशी एकाएकी कुठं गेली, हे कुणाला कळलंही नसेल. रुसून गेली असं वाटत असेल त्यांना... हे मला सहन होत नाही.

गेल्या आठवड्यात दाजींनी बोलावलं. मला माडीवर घेऊन गेले. साड्यांचे गठ्ठे भिंतीला लावून, मधल्या जागेत ती बोलायला बसायची. कापड असलं की आवाज घुमत नाही. दाजींनी एक गठ्ठा उगाच सारखा केला. मग म्हणाले, “तुमच्याकडं तिचा एखादा व्हिडिओ हाय काय? मला तिचा आवाज आठवंना झालाय. माझ्या फोनात सगळे फोटोच हाईत.”

वरातीमागून घोडं! माझ्या जिभेवर आलंच. “दाजी, ती कोरियन बोलायची. तुम्हाला काय कळणार?”

“न्हाय कळलं तर न्हाय कळू दे. ऐकतो नुसतं.”

मी नाही म्हणून सांगितलं. कधीही उघडावं आणि बघावं, असं ते होतं. साठवून कशाला ठेवायचं?

“एक बी न्हाय?”

“एक बी न्हाय.”

फोन लावायचा तिचा स्टँड अजून तिथंच होता. तिच्या चेहऱ्यासमोर येईल एवढा उंच केलेला, रिकामा. दाजींनी त्याच्यावरची धूळ धोतराच्या सोग्यानं हळूच पुसली, जागचा हलणार नाही अशी.

“ह्याला मातुर आम्ही हात लावला न्हाय हं,” ते म्हणाले.