ती बरी आहे

मी फिल्म ओठांनी तपासायचो. हसू येईल, पण लढाईच्या वर्षांत धारवाडात माझ्यासारख्या एकट्या फोटोवाल्याला दुसरा उपाय नव्हता. त्या नव्या फिल्मला तांबडा दिवासुद्धा चालत नसे. मिट्ट काळोखात एकेक फिल्म हातात घ्यायची, बाजू ओळखायची कोपऱ्यातली खाच बोटाने चाचपायची, आणि तरी शंका राहिली तर कडेला ओठ लावायचा. ज्यावर चित्र उमटतं त्या थराला आम्ही मसाला म्हणायचो, आणि तोच भिंगाकडे यावा लागतो. मसाल्याची बाजू ओठाला किंचित चिकटते, दुसरी चिकटत नाही. मी जन्माचा भित्रा, त्यामुळे माझी शंका नेहमीच राहायची.

आणि भिण्यासारखं होतंही. मोठ्या मापाच्या फिल्मची न उघडलेली पेटी कित्येक महिन्यांत कोणी पाहिली नव्हती. दुकानदार पेटी फोडून चार-चार फिल्म काळ्या कागदात गुंडाळून देत. कधी कडा काळवंडलेल्या, कधी मसाल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं, कधी बुरशी. एकदा तर मोठी फिल्म कापून लहान केलेली निघाली, तिच्यावर खाचच नव्हती. पुडकं उघडून बघायची सोय नाही, कारण बघितलं की फिल्म गेलीच. न बघता घ्यायची आणि देवाचं नाव घ्यायचं, असा तो सगळा व्यवहार होता.

आमच्या गल्लीत एक बाई राहायच्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. नवरा कधीच वारला होता, एकुलता एक मुलगा फौजेत. अक्कांची नजर वर्षभरापासून जात चालली होती. थोड्या महिन्यांत काहीच दिसणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मुलगा चार दिवसांच्या रजेवर येणार असल्याचं पत्र आलं, तशा त्या भिंतीला धरत धरत माझ्याकडे आल्या.

"अप्पा, त्याचा फोटो काढ. पण मोठा काढ हं. लहान असला तर मला तोंड कळत नाही. डोळे आहेत तोवर रोज बघून घेते."

मोठा फोटो म्हणजे मोठी फिल्म. माझ्याकडे लहानाचा मोठा करायचं यंत्र नव्हतं, जेवढी फिल्म तेवढाच फोटो. मी हो म्हणालो.

हुबळीला कोप्पीकर रोडवरच्या दुकानात गेलो. मालक नव्हते. नोकर घरचा कानडी, पण मी मराठीत सुरुवात केली म्हणून तोही मराठीत बोलू लागला. फुल प्लेटमध्ये, म्हणजे मोठ्या मापात, काय आहे विचारल्यावर त्याने दोन पुडकी फळीवर ठेवली.

"ही जुनी आहे बघा री. ती बरी आहे."

मी दोन्ही घेतली. जुनीतली एक घरी येऊन तपासली. चित्र उमटलं, पण सगळ्यावर राखाडी धूर. बरीतली तपासायची छाती झाली नाही, चारच होत्या. बरी आहे म्हणतोय ना तो, असं स्वतःला दहादा बजावलं.

मुलगा जायच्या दिवशी सकाळी फिल्म भरायला काळोखात बसलो. मार्गशीर्षातला कोरडा वारा, ओठ फुटलेले, म्हणून आईने तूप लावलेलं. बरीतली पहिली फिल्म घेतली. खाच होती. ओठ लावला, चिकटली नाही. उलटी केली, तरी चिकटली नाही. मग तूप आठवलं आणि स्वतःवरच चरफडलो. खाचेवर विसंबून दोन फिल्म भरल्या. तरी भीती जाईना, म्हणून कॅमेऱ्यात सरकवायच्या शेजारच्या होल्डरात जुनीतली एक घालून ठेवली.

मुलगा बसला. दोन फोटो झाले. तो उठू लागला तसा मी ओरडलोच, "अजून एक!" तो अर्धवट वळला तेवढ्यात तिसराही घेतला. दारात टांगा उभा होता. दुपारच्या गाडीने तो गेला.

संध्याकाळच्या आत मी फिल्म धुतल्या. दिवा लावून पहिली वर धरली तर तिच्यातून पलीकडची खिडकी दिसली. नुसती काचेसारखी. दुसरीही तशीच. भिंगाचं झाकण काढायला विसरलो की काय? नखाने खरवडून पाहिलं तर नखाला काहीच लागेना. तिच्यावर मसाला नव्हताच, कधीच नव्हता. आणि तिथे मोरीपाशी उभ्या उभ्या मला तो शब्द ऐकू आला. बरी. कानडीत बरी म्हणजे नुसती, रिकामी. खराब फिल्म गरम पाण्यात धुऊन, मसाला काढून, फोटोवर काचेऐवजी लावायला विकत, ती ही. जन्मभर दोन्ही भाषा बोलणारा मी, आणि मला हवा तोच अर्थ ऐकला होता.

तिसरीवर, त्या जुनीतल्या फिल्मवर, मुलगा होता. धुरात बुडालेला, पण होता.

दुसऱ्या दिवशी छापलेला फोटो घेऊन अक्कांकडे गेलो. वाटेत ठरवलं, काही बोलायचं नाही. माझ्या हातून त्यांचा मुलगा बिघडला, हे त्यांना सांगायची मला भीती वाटत होती.

"अक्का, अगदी स्वच्छ आलाय."

त्या दारातल्या उन्हात गेल्या. फोटो नाकाला लागेल इतका जवळ धरला, लांब धरला, पदराने डोळे पुसून पुन्हा जवळ धरला.

"अप्पा, स्वच्छ आलाय म्हणालास ना?"

"हो."

"काल त्याचं तोंड हातात धरलं होतं, तेव्हा दिसलं रे मला. कपाळावरचा व्रणसुद्धा दिसला. आज नुसता धूर." त्या मटकन उंबऱ्यावर बसल्या. "गेले रे माझे डोळे. मला वाटलं होतं पाडव्यापर्यंत तरी राहतील."

मी त्यांच्यापुढे बसून सगळं सांगितलं. जुनी फिल्म, बरी फिल्म, ओठाचं तूप, मघाचं खोटं. धूर फोटोतच आहे, अक्का, तुमचे डोळे कालच्यासारखेच आहेत. मी तीन बोटं त्यांच्यासमोर धरली. मोजा, म्हणालो. पण त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. चाचपत माझा हात धरला आणि थोपटला.

"असू दे रे. चांगला आहेस म्हणून समजूत घालतोयस."

पुष्कळ विनवलं. त्या दिवशी त्यांनी डोळे उघडले नाहीत. शेवटी फोटो माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "तुझी नजर चांगली आहे. तू सांग. हसतोय का तो?"

मी पाहिलं. तोंडावरच धूर दाट होता. मला दिसत नव्हतं.

"हसतोय," मी म्हणालो.

हे मात्र त्यांना लगेच पटलं.