दोस्तांची देणी आणि दिनकरराव सर

प्रा. दिनकरराव इंगोले सरांची आणि माझी ओळख झाली तेव्हा मी अमेरिका होतो. अमरावतीच्या महाविद्यालयात सर अर्थशास्त्र शिकवीत. पहिल्या महायुद्धात खांद्याला खांदा लावून लढलेली सरकारे नंतर आपसातली उसनवारी मिटवताना कशी भांडली, हा त्यांच्या जन्मभराच्या अभ्यासाचा विषय. त्या वाटाघाटी ते वर्गातच भरवीत, प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक देश करून. मी ऐटीत कर्ज परत मागायला उठलो, तर सर म्हणाले, "तुयं मले पाठ आहे. आदी फ्रान्सचं गाऱ्हाणं सांग. फ्रान्सनं मान डोलावली, की मंग माग." फ्रान्स झालेली मुलगी बार्शीटाकळीची होती. तिने तासभर मान हलवली नाही.

पुढे हीच पद्धत माझ्या पोटाशी येऊन ठेपली. तासिकेवर राबणाऱ्या अमरावती-अकोल्याच्या आम्हा प्राध्यापकांनी कायम नोकरीसाठी एकत्र दावा लावला. पहिला निकाल आमच्या बाजूने लागला आणि लगेच आपसात जुंपली. वकिलाची फी अमरावतीने भरली होती, तर संप करून तासिका अकोल्याने गमावल्या होत्या. संस्थाचालक अपिलात गेले, तरी आमचे भांडण सरेना. फूट पडती तर नोकऱ्या गेल्याच असत्या.

सरांनी दोन्हीकडच्यांना धामणगाव रेल्वेजवळच्या आपल्या शेतात रोडग्यांना बोलावले. कणकेचे गोळे भाजायला गोवऱ्या पेटवून म्हणाले, "रोडगे भाजेपर्यंत कोनी उठाचं नाही. अकोल्याचं अमरावतीनं सांगाचं, अमरावतीचं अकोल्यानं."

अकोल्याचे वानखडे उसळले, "सर, आमी त्यायची वकिली काहून कराची?"

"सोताची करून थकले ना बापा?"

मी अकोल्याच्या बुडालेल्या तासिका मोजून दाखवल्या. वानखडे म्हणाले, "पोरीची शाळा सोडवा लागली, थेही सांगा." ते मला ठाऊकच नव्हते. सांगितले. त्यांनी मान डोलावली. मग आमची बाजू मांडायला ते उठले. "अमरावतीवाल्यायनं घरचं सोनं मोडून फी भरली. मिजास मात्र फुकट देल्ली."

आम्हीही मान डोलावली. दुसरा इलाज नव्हता, खरेच होते ते. मागचे सगळे हिशेब दोन्हीकडच्यांनी सोडले आणि अपिलाचा खर्च निम्मा-निम्मा ठरला. तूप वाढताना सरांनी उघड पक्षपात केला. वानखड्यांचा रोडगा तुपात पोहत होता.

अपीलही आम्ही जिंकलो. वानखडे आणि मी, दोघेही आज कायम आहोत.

सरांच्या पंचाहत्तरीचा सोहळा दोन्ही शहरांनी मिळून करायचे ठरले आहे. मंडपाचा खर्च कोणाचा, यावर बोलणी सुरू आहेत. ती मिटेपर्यंत सरांनी ठणठणीत राहून मध्यस्थी करावी, अशी आम्हा सर्वांची प्रार्थना आहे. आमचा वेग पाहता त्यांची शंभरी निश्चित आहे.