आमची राणी आज मागे फिरली नाही

मंडळी, आज लय बरं वाटतंय, म्हणून लिहितोय.

गडब गावात आमच्या तबेल्यात शर्यतीचे तीनच घोडे. त्यातली राणी घोडी आधी समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना पाठीवर घेऊन फेऱ्या मारायची. खाडीच्या बांधावर सरावाला काढली की तीनशे पावलं सुसाट पळायची, मग थांबून आपणच मागे फिरायची. तिच्या हिशेबाने फेरी संपलेली असायची.

महिनाभर मी लगाम ओढला, ओरडलो, विकायचंही मनात आणलं. शेवटी मिठागरात काम करणारे महादूकाका म्हणाले, "अरे, तिचं काय चुकलं नाय. गिऱ्हाईक उतरायची वाट बघते ती. तू उतर, अन् नवीन गिऱ्हाईक होऊन पुन्हा चढ."

आठवडाभर मुकाट्याने तेच केलं. ती थांबली की उतरायचो, मान थोपटून परत चढायचो आणि पुढे काढायचो.

आज त्याच जागी तिची चाल मंदावली. मी उतरायला रिकिबीतून पाय काढला, तोच ती पुन्हा पळत सुटली. थांबली ती बांध संपल्यावरच.

महिनाभर बिचारी आपलं काम चोख करत होती आणि माझ्या शिव्या खात होती. तुमच्या घरात असं कोण आहे?