खाऱ्या वावरातला झेंडू

खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे मला लग्न झाल्यावर कळलं. सासरी आले आणि पहिल्यांदा तुरीची डाळ चुलीवर ठेवली. दुपार झाली तरी दाणा तसाच. सासू आली, झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाली, "आडाचं पानी टाकलं का व? ते ढोरायले. डाळीचं पानी त्या रांजनात हाय."

माझं माहेर बार्शीटाकळीकडचं. वडील भाजी आणि फुलं लावायचे. विहीर गोड होती. सासर भातकुलीकडे. इथली जमीन माहेरच्या जमिनीपेक्षाही काळी, पण खालचं पाणी खारं. म्हणून या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. दोन्ही घरं माळ्याचीच. पण इथले माळी पावसावर कापूस, तूर घेत आणि हिवाळ्यात हरभरा. भाजी विकत आणत. दसऱ्याला दाराला लावायचा झेंडूसुद्धा अमरावतीहून विकत यायचा.

माळ्याच्या घरी विकतचा झेंडू. मला ते पटलं नाही. या वावरात आपण झेंडू काढायचा, असं मी तेव्हा ठरवलं. त्यात मोठं काही नव्हतं. कोणी शिकायचं ठरवतो, कोणी घर बांधायचं ठरवतो. मी चौथी शिकलेली, मला फुलं लावता येत होती, तर मी ते ठरवलं.

पहिल्याच वर्षी मी वावराचं वाटोळं केलं. माहेरी वडिलांनी शिकवलं होतं की वाफा काठोकाठ भरायचा, झाडाला पाण्याची कसर ठेवायची नाही. मी आडाचं पाणी ओढून तसेच वाफे भरले. पानं कडेनं जळाली. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी घातलं. मग मातीवर पांढरा थर आला. वाफे वाळले तेव्हा जमीन भिंतीसारखी अशी घट्ट झाली की खुरपं आत जाईना. पुढं हिवाळ्यात त्या तुकड्यात हरभराही उगवला नाही. सासरे चार लोकांत बसून म्हणाले, "आमच्या सुनेनं वावरात भीत बांधली. आता फक्त छप्पर टाकाचं राह्यलं."

लोक हसले. नवराही हसला. तो हसायचाच. त्याचा स्वभाव तसा होता, मनात काही नसायचं.

त्यानंतर बरीच वर्षं मी दर पावसाळ्यात बांधाच्या कडेला थोडी रोपं लावत गेले. मुलं झाली, सासू-सासरे गेले, तरी लावत गेले. कधी पाऊस जास्त झाला, पाणी साचलं, मुळं सडली. कधी रोपं चांगली यायची, कळ्या धरायच्या आणि नेमका तेव्हा पाऊस उघडीप द्यायचा. वरून ऊन आणि खाली खारं पाणी. कळ्या झाडावरच वाळायच्या. प्यायच्या पाण्याचा एखादा हंडा नेऊन टाकला तर घरात बोलणी बसायची, आणि ती बरोबरच होती.

नवरा संध्याकाळी विचारायचा, "काय म्हन्ते तुही फुलबाग?"

"वाळली."

"मंग उद्या तुरीले खत टाकाले ये. तूर काही नखरे नाही करत."

एकदा दसऱ्याला तो दाराला विकतचं तोरण बांधत होता. स्टुलावर उभा होता. मी खालून म्हटलं, "डावीकडून उतरलं." तो म्हणाला, "पुढच्या साली तुह्या वावरातलं आन, मंग सरळ बांधतो. तुह्या वावरातल्या फुलाचं तोरन मी सोता बांधीन, बाकी कोनाले हात नाही लावू देनार." शेजारीण दारात होती. ती म्हणाली, "भाऊजी, तवरिक दार राहीन का?" तिघंही हसलो. मीही हसले. पण तो दर दसऱ्याला तेच बोलायचा, आणि नंतर कोणी हसेनासं झालं.

मग शेततळ्याची योजना आली. पावसाचं पाणी साठवायचं तळं. शेतीखात्याचा माणूस म्हणाला, खोल खणू नका, खाली खार आहे. मी मागं लागले, पण नवऱ्याला जागा वाया घालवायची नव्हती. वर्षभर नाही नाही म्हणाला. मग त्याच्या पायांवर सूज आली, अमरावतीला दाखवलं, तर किडन्या गेल्या म्हणाले. पाण्यानं गेल्या का, आणखी कशानं, डॉक्टरनं नक्की सांगितलं नाही. आमच्याकडं अशी माणसं घरोघर आहेत. दवाखान्यातून आल्यावर तो खाटेवर बसला आणि म्हणाला, "घे खनून तुहं तळं. मले आता वावरात कुठं जानं हाय."

तळं खणलं. खणणाऱ्यानं तळातली पांढरट, खारी माती माझ्याच तुकड्यावर पसरून ठेवली. ती सगळी खरवडून मी बांधापलीकडं टाकली. टोपल्यांनी. सून म्हणाली, "माय, कंबर जाईन तुमची." कंबर आधीच गेली होती.

मुलगा भातकुली-अमरावती ऑटो चालवतो. ठरलेल्या दिवशी तो बापाला डायलिसिसला न्यायचा. मी कधी सोबत जायची, कधी सून जायची. तिथं बाहेर बाकावर बसून राहायचं. कोणी कोणाशी फार बोलत नाही. परत आल्यावर नवरा झोपायचा आणि मी वावरात जायची. गावातल्या बाया बोलायच्या. एक तर तोंडावर बोलली, "बुढा मशीनवर अन् बुढी फुलं लावून राह्यली." मी म्हटलं, "मी घरी बसली त मशीन बंद होते का?" नंतर तिचं बोलणं कमीच झालं.

आषाढात रोपं लावली. या वेळी वाफे केले नाहीत. उंच वरंबे केले, वर रोप, खाली सरीतून जास्तीचं पाणी निघून जाईल असं. श्रावणात नवरा गेला. सकाळी चहा मागितला, मी ठेवला, नेऊन दिला तेव्हा तो गेलेला होता. चहा तसाच राहिला.

रडले असेन. आठवत नाही. पाहुणे आले, राख झाली, दिवस झाले. माझ्या अंगात जणू कोणी माती भरली होती. कोणी बोललं तर ऐकू यायचं, पण दुसऱ्या कोणाशी बोलताहेत असं वाटायचं. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी मी वावरात गेले. नणंद होती घरी. ती म्हणाली, "वहिनी, काही वाटते का तुले?" मी म्हटलं, "तन वाढलं असन." तण वाढलंच होतं. उपटत बसले.

भादव्यात पाऊस थांबला. नेहमीसारखा, कळ्या धरल्यावर. या वेळी तळ्यात पाणी होतं. मी वाफा भरला नाही. डब्यानं प्रत्येक झाडाच्या बुडाशी थोडं थोडं घातलं, माती नुसती ओली होईल इतकं. हात भरभरून ओतायला जायचा, तो आवरावा लागायचा. लहानपणची सवय. मुलगा सवारी सोडून आला की तोही डबा घ्यायचा. एकदा म्हणाला, "माय, एवढं पानी त बाबाले प्यालेबी नव्हते देत." खरं होतं. डायलिसिसवाल्याला पाणी मोजून द्यावं लागतं. मी पुढच्या झाडाकडं गेले.

फुलं आली. पिवळी आणि भगवी. बांधावरून जाणारे थांबून पाहायचे. गावचा एक म्हातारा, सासऱ्याच्या बरोबरीचा, काठी टेकत आला. पाहिलं आणि म्हणाला, "भितीवर फुलं आनली व तू." मी मान हलवली. इतकी वर्षं मी या दिवसाची वाट पाहिली होती. वाटलं होतं की फुलं आली की नाचावंसं वाटेल. तसं काही झालं नाही. तोडायला पोती लागतील, हे डोक्यात आलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दव पूर्ण वाळल्यावर तोडणी केली. ओलं फूल पोत्यात काळं पडतं. मुलाच्या ऑटोत पोती टाकून अमरावतीच्या बाजारात गेलो. व्यापाऱ्यानं गाव विचारलं. मी सांगितलं.

"आजी, तो त खारपानपट्टा. तिथं झेंडू? कोनाचा माल आनला?"

"मायाच हाय."

त्यानं एक फूल चुरगाळून पाहिलं, वास घेतला, दुसऱ्या व्यापाऱ्याला दाखवलं. मग पोती उतरवून घेतली. मुलगा मला म्हणत होता, "पायलं का माय? पायलं का?" मी पाहिलं होतं.

एक पोतं मी विकलं नाही. घरी आणलं. गावातल्या बाया येऊन ओंजळी भरभरून घेऊन गेल्या. संध्याकाळी गल्लीत सगळ्या दारांवर माझ्या वावरातली तोरणं होती. ज्या बाईनं मशीनचं बोललं होतं, तिच्या दारावरही होतं.

आमच्या दारावर नव्हतं. घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत, तोरण बांधत नाहीत. हे मला रोपं लावताना माहीत नव्हतं असं कसं म्हणू? रोपं लावली तेव्हा तो होता.

मुलगा म्हणाला, "बाबाच्या फोटोले तरी एक हार करू."

"त्याले प्लास्टिकचा हाय."

"माय, तू बी ना."

नणंद म्हणाली, "राहू दे, वर्साच्या आत नको." मला हार नको होता. त्यानं तोरण म्हटलं होतं, हार नाही. उरलेली फुलं मी अंगणात ताडपत्रीवर पसरली, सुकून बी होऊ दे म्हणून.

पुढच्या वर्षी पाऊस फार झाला. निम्मी झाडं सडली. बाजारात न्यावी एवढी फुलं नव्हती, एका दाराची होती. वर्ष उलटलेलं होतं. सुईत दोरा मी ओवला, तोरण मी केलं. स्टुलावर चढायला गेले, गुडघा वळला नाही. मुलगा म्हणाला, "दे इकडं." सून म्हणाली, "मी बांधते माय."

बाकी कोणाला हात लावू देणार नाही, असं जो म्हणाला होता तो नव्हता. कोणीतरी बांधणारच होतं. मी तोरण मुलाच्या हातात दिलं.

तो बापाच्याच स्टुलावर चढला. दोन्ही टोकं खिळ्यांना बांधली. मी खालून पाहिलं.

"डावीकडून उतरलं," मी म्हटलं.

त्यानं सरळ केलं. मग मी आत जाऊन डाळ चढवली.