चार वाजताची भूक

मोठ्या जाऊबाई, म्हणजे माझ्या भाभी, हैदराबादला राहायला गेल्या, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी माझं अभिनंदनच केलं. "सुटलीस बाई! आता सारं घर तुझं एकटीचं." मीही हसले. दोन जावा म्हटल्या की भांडणच, असं सगळ्यांनी धरलेलं. आमची अठरा वर्षं एका चुलीवर सुखानं गेली, हे कुणाला सांगणार?

त्यांचा मुलगा तिकडं नोकरीला लागला, त्याला मुलगी झाली आणि त्यानं आईबापाला बोलावून घेतलं. यात रडण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी रडले नाही. उमरग्याच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन आहे. त्या गेल्या त्याच दुपारी मी मशीनवर बसून राहिलेला ब्लाऊज पुरा केला.

खाणं नेमकं कधी सुरू झालं, ते आठवत नाही. दुपारी पोटभर जेवलेली असायचे. तरी चार वाजले की मशीनवरून उठायचे आणि खारीचा डबा उघडायचे. एक, दोन, मग मोजणं सुटायचं. खारी संपली की शेव. तीही उभ्या उभ्याच, भिंतीकडं तोंड करून. चव कळायचीही नाही. मग लाज वाटायची आणि नवरा यायच्या आत मी डबा धुऊन पालथा घालायचे.

वर्षभरात माझे स्वतःचे ब्लाऊज मला दोनदा उसवून सैल करावे लागले. दवाखान्यात रक्त तपासलं. साखर काठावर आली होती.

"दिवसभरात काय काय खाता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोन वेळची भाकरी-भाजी," मी म्हणाले. खारीचं नाव काढलं नाही.

"जिभेला जरा आवर घाला."

मग माझी जीभच वाईट, असं मी धरून चालले.

पुढं रमजान आला. पहाटे सहेरी करायची आणि मग संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोटही नाही. पण मला जड गेलं नाही. शेजारच्या दोघी दुपारनंतर माझ्याकडंच बसायच्या. फळं चिरायची, भज्यांसाठी डाळ वाटायची, बोलणं चालू. चार कधी वाजले, कळायचंही नाही. डबा फळीवर तसाच.

ईद झाली. दोन-चार दिवसांनी घरात मी एकटी, जेवून तासच झालेला, आणि हात डब्याच्या झाकणावर. मी तिथंच थांबले. महिनाभर रोजे धरले, तेव्हा ही भूक कुठं गेली होती? पोटाची असती तर तेव्हाच लागली असती.

डबा मांडीवर घेऊन खाली बसले. चार वाजता या घरात काय असायचं? भाभींचा चहा. त्या दोन कप घेऊन मशीनजवळ यायच्या, कपड्यांच्या ढिगाला टेकून बसायच्या, आणि खारी बुडवता बुडवता आम्ही दिवसभराचं सगळं एकमेकींना सांगायचो. तेव्हा मात्र मला रडू आलं.

थोड्या वेळानं फोन लावला.

"भाभी, चहा झाला का?"

"इथं आल्यापासून चारचा चहाच सोडला गं. एकटीला घशाखाली उतरत न्हाय."

"आन् मी इथं लई खाते, भाभी. डबाच्या डबा संपवते." हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला बी सांगायचं होतं. पण लेकाच्या घरी आहे, हिला काय कमी, असंच म्हणले असते सगळे."

आता आठवड्यातून तीन-चार वेळा आम्ही चहा घेऊन फोनवर बसतो. डॉक्टरीणबाईंनाही मी खरं ते सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं, आणि तीन महिन्यांनी परत तपासू म्हणाल्या. कधी नातीच्या रडण्यात भाभींना फोन घेता येत नाही. त्या दिवशी मी ताटलीत तीन-चार खारी घेऊन बसते आणि खाते. का खातेय, ते ठाऊक असतं. बकरी ईदला आठवडाभर येते, असं भाभी म्हणाल्यात.