परत आलेली गोधडी

जवळ ये बये, कान इकडे कर. सख्ख्या भाचीनं मावशीला असं तोंड चुकवून हिंडावं, हे शोभतं का तुला?

माझ्या गोधडीचा फोटो 'नवीन गोधडी' असं लिहून बदलापूरच्या सायबर कॅफेतून इंटरनेटवर टाकलास तो तूच. पुण्याच्या एका बाईंनी ती मागवली, तेव्हा मी अख्ख्या सोनिवलीत मिरवले. वरचं कापड उल्हासनगरच्या बाजारातून कोरं आणलं आणि आत सासूबाईंचं जुनं लुगडं घातलं होतं. थोरल्या बाईचं लुगडं आत असल्याशिवाय गोधडीला ऊब येत नाही, असं आपण मानतो.

आठवड्यानं त्या बाईंचा फोन आला. "आजी, टाका उसवला, तर आत कुणाची तरी जुनी साडी निघाली."

"कुणाची तरी काय? माझ्या सासूबाईंची आहे," मी ऐटीत सांगितलं.

त्या म्हणाल्या, "पण तुम्ही नवीन म्हणून विकलीत ना?"

पार्सल परत आलं तेव्हा सासूबाई ओट्यावरच बसल्या होत्या. "माझं लुगडं परत का आलं ग? खराब होतं का?"

मला मान वर करवेना. त्यांनी मायेनं दिलेलं लुगडं मी बाजारात मांडलं होतं. "पत्ता चुकला," एवढंच बोलले.

तुझ्यामुळे माझी मान खाली गेली असं वाटून तू विक्रीही बंद केलीस आणि येणंही. अगं, लाज मला वाटली, तू का लपतेस? लुगड्याच्या गोधड्या घरच्यांना देऊ, विकायला कोऱ्या कापडाच्या शिवू. फोटो काढायला मात्र तूच हवीस. या रविवारीच ये.